लॅपटॉपची एक्स्टेंडेड वॉरंटी घ्यावी का? कोकणात राहणाऱ्यांनी सांगा प्लीज

खाडीकाठ (देवगड)
८ जून, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. मुलगी मालवणला तंत्रनिकेतनात आहे, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला गेली. पहिलं वर्ष तिने मोबाइलवर आणि कॉलेजच्या लॅबवर भागवलं पण आता लॅपटॉप लागणारच. यंदाच्या आंब्याच्या पैशातून घ्यायचं ठरवलंय, कणकवलीच्या एका दुकानात ५८ हजारांचा बघून आलो. एक वर्षाची वॉरंटी कंपनीची आहेच. दुकानदार म्हणतो अजून ५,५०० भरा, पुढची दोन वर्षं निर्धास्त राहा. घरी येऊन कंपनीच्या साइटवर बघितलं तर तिथे दोन वर्षं वाढवायचे ६,९०० आणि वर 'अ‍ॅक्सिडेंटल डॅमेज' (पडलं, सांडलं तर) म्हणून वेगळे २,४०० वर्षाला. मिस्टर म्हणतात काही नको, वस्तू चांगली असेल तर टिकते. मला धाकधूक आहे कारण परत एवढे पैसे एकदम निघणार नाहीत. मुलगी होस्टेलला राहते, दर शनिवार-रविवार एसटीने ये-जा करते. घर खाडीच्या अगदी काठाला. ज्यांनी घेतलीय किंवा नाही घेतली त्यांनी खरा अनुभव सांगा.

थळकिनारा (अलिबाग)
८ जून, रात्री १०:२०

ताई आधी एक गोष्ट बघा, दुकानदार जी वॉरंटी विकतोय ती लॅपटॉप कंपनीची आहे की तिसऱ्याच कुणाची. मी २०२२ मध्ये अशीच दुकानातून घेतली होती, पावतीवर लॅपटॉप कंपनीचं नाव होतं म्हणून मला वाटलं त्यांचीच असणार. डिस्प्ले गेल्यावर कळलं की ती वेगळ्याच एका कंपनीची सर्विस प्लॅन होती, त्यांचा माणूस येऊन लॅपटॉप घेऊन गेला आणि सव्वा महिना ठेवला. मग फोन आला की दुरुस्तीचा खर्च लॅपटॉपच्या आजच्या किमतीपेक्षा जास्त होतोय, घसारा, म्हणजे वापराने घटलेली किंमत, वजा करून एवढे एवढे देतो. ४६ हजारांच्या लॅपटॉपचे हातात १८ हजार. नियमात ते लिहिलेलं होतं, बारीक अक्षरात चौथ्या पानावर. मी वाचलं नव्हतं आणि मला कुणी दाखवलंही नव्हतं. त्यामुळे घसाऱ्याचं कलम आहे का ते पहिलं विचारा.

खाडीकाठ
८ जून, रात्री १०:३५

बापरे. मी विचारलंच नाही कुणाची आहे ते. उद्या फोन करते.

टेबलावरचा_लॅपटॉप (रत्नागिरी)
८ जून, रात्री ११:४०

माझं रत्नागिरीत लॅपटॉप रिपेअरिंगचं छोटं दुकान आहे, चौदा वर्षं झाली. जरा मोठं लिहितो कारण हा प्रश्न गिऱ्हाईक मला रोज विचारतात. वॉरंटी घ्या किंवा नको घ्या हे नंतर, आधी आपल्याकडे लॅपटॉप कशाने मरतो ते बघा आणि मग त्या कागदात त्यातलं काय येतं ते बघा.

पहिलं म्हणजे खारी हवा. समुद्रावरून येणारं मीठ बारीक बारीक कणांनी हवेत असतं, लॅपटॉपचा पंखा ती हवा आत ओढतो, ते मीठ आतल्या मुख्य सर्किट बोर्डवर बसतं. मिठाचा गुण आपल्याला घरात माहीत आहेच, पावसाळ्यात बरणीतलं मीठ पाझरतं तसं ते बोर्डवरही ओल धरून ठेवतं. त्या ओलीत करंट फिरला की तांबं खायला सुरुवात. कनेक्टरच्या पिनांवर पांढरी नाहीतर हिरवट पूड दिसते. मांडवी, मिऱ्या, भाट्याकडचे लॅपटॉप आणि लांजा-साखरप्याकडचे लॅपटॉप मी उघडल्यावर न सांगता ओळखतो. दोन्ही तीन वर्षांचे असले तरी आतून वेगळे दिसतात.

दुसरं वीज. मे महिन्यात वळवाच्या वेळी आणि मग ऑक्टोबरात गडगडाट सुरू झाला की आठवड्याला पाच-सहा मशिनं येतात. अ‍ॅडॅप्टर गेला तर नशीब, नाहीतर चार्जिंगची आयसी (छोटी चिप) जाते आणि कधी कधी पूर्ण बोर्ड. ब्रॉडबँडची वायर लॅपटॉपला थेट लावलेली असेल तर तिथूनही मार बसतो. लोक म्हणतात स्पाइक गार्ड लावला होता. अहो जवळ पडलेल्या विजेला तो पुरा पडत नाही आणि घरात अर्थिंगच धड नसेल तर तो काय करणार. वाजायला लागलं की प्लग काढून ठेवणे हाच उपाय.

तिसरं मुंग्या. लॅपटॉप महिना-दोन महिने कपाटात बंद राहिला की आत घर करतात, अंडी घालतात. चौथं बिजागरी. स्क्रीन एका कोपऱ्याला धरून उघडायची सवय असते, आत प्लॅस्टिकमध्ये बसवलेले पितळी नट उपटून येतात आणि सगळी चौकट फाटते. पाचवं पाणी आणि चहा.

आता हे पाचही बघा. साध्या एक्स्टेंडेड वॉरंटीत यातलं एकही येत नाही. वाढीव वॉरंटी म्हणजे पहिल्या वर्षाचीच वॉरंटी पुढे ओढलेली, ती फक्त वस्तूत मुळातला दोष निघाला तर. बोर्ड आपोआप मेला, स्क्रीनवर रेषा आल्या, एसएसडी (फायली साठवणारी डिस्क) गेली, कीबोर्डची ओळ चालेना, असलं. सर्विस सेंटरवाल्याने उघडल्यावर बोर्डवर पूड दिसली की तो फोटो काढतो आणि 'सीआयडी' असा शेरा मारतो. म्हणजे कस्टमर इंड्यूस्ड डॅमेज, गिऱ्हाइकाच्या हातून झालेलं नुकसान. किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाने काही केलेलं नसतं, हवाच तशी आहे, पण शेरा तोच बसतो. याचं मला फार वाईट वाटतं, कारण लोक भरलेल्या पैशाची पावती घेऊन माझ्याकडे येतात आणि मला सांगावं लागतं की याचा उपयोग नाही.

बॅटरीचंही विचारा. बहुतेक कंपन्यांची बॅटरीवर एकच वर्ष असतं, तुम्ही वॉरंटी तीन वर्षांची केली तरी बॅटरी एकाच वर्षावर राहते. आणि बॅकअप हळूहळू कमी होणं याला कुणी दोष मानत नाही.

वायंगणसून (वेंगुर्ले)
९ जून, सकाळी ७:१५

वरच्या दादान सांगल्यानी ता शंभर टक्के खरा. माझ्या झिलाचो लॅपटॉप, तेका आमी कंपनीची तीन वर्सांची वॉरंटी घेतललंव, घराकडे येवन दुरुस्त करतत ती. दुसऱ्या वर्सा श्रावणात बंद पडलो. फोन केलंय तर म्हणतत मानूस कोल्हापूरसून येतलो. पाऊस इतको की घाट बंद. आठ दिवस गेले, मगे पार्ट इलो तो चुकीचो. एकूण बावीस दिवस. पण पैसो एक घेवक नाय हां, ता पण सांगतंय. बोर्ड बदलून दिल्यानी. म्हणान माझा म्हणना असा हा गो बाय, घे पण कंपनीचीच घे, आनि पावसात मानूस येवक येळ लागतलो ह्या धरून चल. चेडवाची परीक्षा जवळ असली तर दुसरी सोय बघून ठेव.

दापोलीकर_ठाण्यात
९ जून, सकाळी ९:०५

मी आयटीत आहे, मूळ दापोली. थोडा हिशोब मांडतो. ६,९०० म्हणजे ५८ हजारांच्या जवळपास १२ टक्के. समजा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात मोठा बिघाड झाला तर खर्च २५ हजार धरू. मग ही वॉरंटी पैशाच्या हिशोबाने बरोबरीत यायला असा बिघाड व्हायची शक्यता साधारण चारात एक पाहिजे. आणि तोही असा बिघाड जो त्यांच्या नियमात बसतो, मिठाने किंवा विजेने झालेला नाही. मला ही शक्यता जास्त वाटत नाही. मुळातला दोष असेल तर तो बहुतेक वेळा पहिल्या काही महिन्यांतच बाहेर येतो आणि तेव्हा फुकट वॉरंटी असतेच. त्यापेक्षा ६,९०० पोस्टात बाजूला ठेवा, दर महिन्याला ३०० रुपयांची आरडी करा. तीन वर्षांत व्याज सोडूनच १७,७०० होतात, काही झालं नाही तर नवीन लॅपटॉपला उपयोगी. मी गेल्या तीन लॅपटॉपना हेच केलंय आणि एकदाच कीबोर्ड बदलावा लागला, २,२०० ला.

गुहागरची_शिक्षिका
९ जून, दुपारी १:३०

दापोलीकर, तुमचा हिशोब चुकीचा नाही पण तो ज्याच्याकडे अडचणीला २५ हजार असतात त्याचा आहे. मी विनाअनुदानित शाळेत आहे, माझा पगार किती ते इथे लिहीत नाही. माझा लॅपटॉप दोन वर्षं चार महिने झाल्यावर एका सकाळी चालूच झाला नाही. सर्विस सेंटरने बोर्डचे २७ हजार सांगितले. मी ७ हजार भरून कंपनीची वॉरंटी वाढवली होती म्हणून शून्य रुपयांत झालं. नसती तर मी काय केलं असतं? ते ७ हजार आणि आरडी मिळून तेव्हा पंधरा-सोळा हजारच जमा झाले असते, उरलेले कर्जाने काढायचे की लॅपटॉप भंगारात टाकायचा? शक्यता चारात एक असो नाहीतर दहात एक, ज्याच्यावर येते त्याच्यावर ती पूर्ण येते. खाडीकाठताईंनी पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय की परत एवढे पैसे निघणार नाहीत. मग त्यांच्यासाठी हा खर्च मनःशांतीचा आहे आणि तो करण्यात काही चूक नाही असं मला मनापासून वाटतं.

दापोलीकर_ठाण्यात
९ जून, दुपारी २:१०

मान्य. मी माझ्या बाजूने बघितलं. हप्ता बंद न पाडता आरडी चालू ठेवणं हेही सगळ्यांना जमत नाही, आंब्याचे पैसे वर्षातून एकदा येतात. तरी एक सुचवतो, सगळं आजच घ्यायची घाई नको. बहुतेक कंपन्या मूळ वॉरंटी संपायच्या आत केव्हाही वाढवू देतात. दहा-अकरा महिने वापरून, लॅपटॉप कसा चालतोय बघून, तेव्हा ठरवता येतं. फक्त अ‍ॅक्सिडेंटल डॅमेजवाला प्लॅन बऱ्याचदा खरेदीनंतर ठराविक दिवसांतच मिळतो, त्याची मुदत आत्ता विचारून ठेवा.

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)
९ जून, संध्याकाळी ६:४५

मी २२ जुलै २०२१ च्या पुरातली. तळमजल्यावर छातीएवढं पाणी, दोन लॅपटॉप कपाटात वरच्या खणात ठेवले होते तरी गेले. एकाला वाढीव वॉरंटी होती. फोन केला तर पूर म्हणजे नैसर्गिक आपत्ती, बसत नाही. नंतर समजलं की अपघाती नुकसानीच्या प्लॅनमध्येसुद्धा बरेचदा पूर, वादळ, वीज हे वगळलेलं असतं, कप सांडला तर मिळतं पण पूर आला तर नाही. आमच्या शेजाऱ्यांनी घराच्या सामानाचा विमा काढला होता, त्यांना त्यातून टीव्ही, फ्रिज, लॅपटॉप सगळ्याचे थोडे थोडे मिळाले. म्हणून खाडीच्या काठाला राहत असाल तर लॅपटॉपच्या वॉरंटीबरोबर घराच्या विम्याचंही एकदा विचारा, त्यात पूर आणि वीज स्पष्ट लिहिलेलं असलं पाहिजे. त्या दिवसानंतर मी पावसाळ्यात लॅपटॉप बॅगेत घालून माळ्यावरच ठेवते. अजूनही रात्री पाऊस जोराचा झाला की उठून बघते.

खाडीकाठ
९ जून, रात्री ८:३०

ताई वाचून गलबलून आलं. आमच्याकडे तौक्ते वादळाच्या वेळी मे २०२१ मध्ये दारातले माड पडले आणि कितीतरी दिवस लाईट नव्हती, पण पाणी घरात आलं नाही एवढं बरं.

आज दुकानदाराला फोन केला. थळकिनारांचं बरोबर निघालं, ती वॉरंटी दुसऱ्याच कंपनीची आहे. नियमांचा कागद मागितला तर म्हणे पैसे भरल्यावर ईमेलवर येतो. आधी द्या म्हटलं तर टाळाटाळ. मग तिथेच ठरलं, ती नाही घ्यायची.

कंपनीच्या नंबरवरही बोलले. मालवणचा पिनकोड दिला तर म्हणाले तिथे घरपोच सर्विस आहे पण 'लांबचं ठिकाण' म्हणून पाच ते सात कामाचे दिवस लागतील. आमच्या गावचा पिनकोड घातला तर घरपोच नाहीच, लॅपटॉप सेंटरला नेऊन द्यावा लागेल. शेजारशेजारच्या दोन तालुक्यांत एवढा फरक. हे साइटवर कुठेही ठळक लिहिलेलं नाही, फोन केला म्हणून कळलं.

सावंतवाडीची_वकील
९ जून, रात्री ९:४०

खाडीकाठ, फोनवर जे सांगितलं ते ईमेलवर लिहून मागा. "या पिनकोडला घरपोच सेवा लागू आहे का आणि किती दिवसांत" एवढं एक वाक्य. उत्तर येतं, आणि पुढे वाद झाला तर तोच कागद कामाला येतो.

पैसे भरण्याआधी नियम न दाखवणाऱ्याकडून काही घेऊ नका हा तुमचा निर्णय योग्यच. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, जो २० जुलै २०२० पासून लागू झाला, त्यात एक चांगली सोय आहे की तुम्ही जिथे राहता तिथल्याच जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. कंपनी बंगळुरूची असो की दिल्लीची, तुम्हाला तिकडे जायची गरज नाही. वस्तूसाठी मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करायची. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा, मराठीत बोलता येतं, आणि बरीच प्रकरणं तिथेच मिटतात.

'सीआयडी' शेऱ्याबद्दल. तो शेरा म्हणजे अंतिम निकाल नाही. नुकसान नेमकं कुठे आणि कशामुळे झालं याचा लेखी जॉब रिपोर्ट आणि फोटो मागा, तो मागायचा तुम्हाला हक्क आहे. सेंटरला देतेवेळी लॅपटॉपचे सगळ्या बाजूंनी फोटो काढून ठेवा. माझ्या ओळखीतल्या एका मुलाला फक्त फोटोंमुळे बदलून मिळाला, कारण सेंटरने दाखवलेला तडा त्याने दिलेल्या लॅपटॉपवर नव्हता.

टेबलावरचा_लॅपटॉप
९ जून, रात्री ११:१०

वकीलताईंनी महत्त्वाचं लिहिलं. त्यात थोडी भर घालतो.

बिल घेताना त्यावर सिरियल नंबर लिहिलेला आहे का बघा आणि तो डब्यावरच्या, लॅपटॉपच्या पाठीवरच्या नंबरशी जुळवा. मग कंपनीच्या साइटवर तो नंबर घालून वॉरंटी कधी सुरू झाली ते बघा. कधी कधी कारखान्यातून निघाल्याची तारीख धरलेली असते आणि लॅपटॉप दुकानात तीन महिने पडून असतो, म्हणजे तुमचे तीन महिने गेले. बिल पाठवलं की दुरुस्त करून देतात पण ते आपणहून कोणी करत नाही.

आणि मुलीच्या अभ्यासाचं एक. वॉरंटी लॅपटॉपची असते, आतल्या फायलींची नसते. एसएसडी बदलायची वेळ आली तर प्रोजेक्ट, जर्नल, फोटो गेले ते गेले. नवीन विंडोजमध्ये डिस्क बहुतेक लॉक केलेली असते, बोर्ड बदलला की ते बिटलॉकरची ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठवलेली असते पण मुलांना ते खातं कुठल्या ईमेलने केलं तेच आठवत नाही. लॅपटॉप चांगला, डेटा आत, आणि उघडता येत नाही. दर वर्षी परीक्षेच्या तोंडावर रडकुंडीला आलेली चार तरी मुलं बघतो मी. ती की पहिल्याच दिवशी वहीत लिहून ठेवा.

मला विचाराल तर तुमच्या मुलीसाठी अ‍ॅक्सिडेंटल डॅमेज हे वाढीव वॉरंटीपेक्षा जास्त गरजेचं आहे. एसटीत ये-जा, होस्टेलची खोली, एका टेबलावर चौघी. पडणं आणि सांडणं हेच होणार.

खाडीकाठ
१४ जून, रात्री ९:१५

मंडळी, लॅपटॉप घेतला. दुकानदाराची वॉरंटी नाही घेतली. कंपनीची अ‍ॅक्सिडेंटल डॅमेज एका वर्षाची घेतली, २,४०० ला, ती पहिल्या ३० दिवसांतच घेता येत होती. त्यात वर्षातून एकदाच क्लेम आणि चोरी धरत नाहीत, हे वाचून मगच पैसे भरले. पत्ता मालवणच्या होस्टेलचा नोंदवला आणि पिनकोडबद्दल ईमेल मागवून घेतला, आलाय. दोन वर्षं वाढवायचे ६,९०० मात्र आत्ता नाही भरले. शिक्षिकाताईंचं म्हणणं पटलंय, ती घेणारच, पण पुढच्या मे महिन्यात आंब्याचे पैसे आले की, वॉरंटी संपायच्या आत. तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवलीय. मिस्टरांनी हा सगळा धागा बसून वाचला, आता तेही काही बोलत नाहीत.

साइटवर बघितलं तर वॉरंटी खरंच ४० दिवस आधी सुरू झालेली होती! बिल पाठवलं, तीन दिवसांत बरोबर झाली. बिटलॉकरची की मुलीने वहीत लिहिली आणि मी माझ्या डायरीत.

एकच राहिलं. ओलीसाठी सिलिका जेलच्या पुड्या ठेवा असं बहीण म्हणते, त्याचा उपयोग होतो का आणि किती ठेवायच्या?

टेबलावरचा_लॅपटॉप
१४ जून, रात्री १०:००

होतो, पण झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात ठेवलं तरच. उघड्या बॅगेत दोन पुड्या टाकून काही होत नाही, दोन दिवसांत भरून जातात. लॅपटॉप मावेल असा प्लॅस्टिकचा घट्ट डबा घ्या, त्यात शंभर-दोनशे ग्रॅम टाका. नारंगी रंगाचे दाणे मागा, ओल भरली की हिरवे होतात, मग कळतं. निळे घेऊ नका, त्यात कोबाल्ट असतं. हिरवे झाले की जुन्या पत्र्याच्या ताटलीत मंद आचेवर तापवले की परत नारंगी होतात, स्वयंपाकाचं भांडं मात्र वापरायचं नाही. आणि लॅपटॉप वापरून गरम असताना लगेच डब्यात घालू नका, बंद करून अर्धा तास बाहेर राहू द्या. ती सुट्टीत घरी आली की रोज अर्धा-पाऊण तास चालू ठेवायला सांगा, आतली ऊब ओल बाहेर काढते. बंद राहिलेला लॅपटॉपच आपल्याकडे आधी जातो.

वायंगणसून
१५ जून, सकाळी ६:५०

आनि मुंग्यांसाठी डब्याच्या भोवती हळद टाक गो, आमी तसाच करतंव. चेडवाक चांगलो अभ्यास कर म्हणान सांग.